पाळी परत कधी येईल, आणि मूल होईल ना? खाण्याच्या आजारातून बरं होताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी पाळी २२ महिने आली नव्हती. अ‍ॅनोरेक्सियातून (वजन वाढेल या भीतीने खाणं टाळण्याच्या आजारातून) बाहेर पडायला त्याहून जास्त काळ लागला, पण आई, मावशी, गायनॅक आणि पुढे नवरा, सगळ्यांचा जीव अडकलेला असायचा तो पाळीत. आजही एखादीचा 'ताई, एक विचारू?' असा मेसेज आला की पुढची ओळ मला पाठ असते. म्हणून ही उत्तरं एकदाच नीट लिहून काढली.

मी डॉक्टर नाही. यातलं काही माझ्या गायनॅक आणि सायकिअ‍ॅट्रिस्ट बाईंनी समजावलेलं, काही वाचलेलं आणि उरलेलं अंगावर काढलेलं. वजनाचे, बीएमआयचे आणि कॅलरींचे आकडे मुद्दाम दिलेले नाहीत. आजारी असताना असा लेख उघडला की मी आधी आकडा शोधायचे, आणि मग त्याच्या खाली राहता येतं का ते बघायचे.

पाळी बंद का होते? माझ्या गर्भाशयात काही बिघाड आहे का?

बहुतेक वेळा गर्भाशयही ठीक असतं आणि अंडाशयंही. बंद पडतो तो वरून येणारा निरोप. मेंदूतला हायपोथॅलॅमस ठरावीक अंतराने जीएनआरएच नावाच्या हार्मोनचे ठोके देत असतो. त्यावर मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही हार्मोन्स सोडते, त्यांच्यामुळे अंडाशयात बीज तयार होतं आणि इस्ट्रोजेन बनतं. खाणं कमी पडलं, चरबीतून येणारं लेप्टिन घटलं, त्यात ताण आणि व्यायामाची भर पडली, की हे ठोके मंदावतात. मग खालची सगळी साखळी गप्प होते.

पगार थांबलेल्या घरात दूध आणि लाइटबिल आधी भागवतात, घराला रंग देणं पुढच्या दिवाळीवर जातं. शरीर तेच करतं. हृदय आणि मेंदू चालू ठेवतं, मूल जन्माला घालायचा खर्च पुढे ढकलतं. डॉक्टरी भाषेत याला फंक्शनल हायपोथॅलॅमिक अ‍ॅमेनोरिया म्हणतात. 'फंक्शनल' हा शब्द फाइलवर दिसला तर घाबरू नकोस. रचना शाबूत आहे, काम थांबलंय, एवढाच त्याचा अर्थ.

हे सगळं 'आजकालच्या मुलींचं फॅड' आहे असं कुणी म्हणालं, की मी हॉलंडची गोष्ट सांगते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने पश्चिम हॉलंडचा अन्नपुरवठा तोडला. लोक ट्युलिपचे कंद उकडून खात होते. असंख्य बायकांची पाळी गेली आणि नऊ महिन्यांनी तिथले जन्म साधारण निम्म्यावर आले. मे १९४५ मध्ये सुटका झाली, पोटात अन्न गेलं, आणि पुढे पाळणे पुन्हा हलायला लागले. त्याच सुमारास अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ तरुण पुरुषांना सहा महिने अर्धपोटी ठेवून प्रयोग केला होता. त्या धडधाकट पुरुषांचीही कामेच्छा विझली होती. मेंदू एकदा काटकसरीला लागला की बाई-पुरुष बघत नाही.

माझं वजन तर नॉर्मल आहे. मग पाळी का गेली?

मेंदू वजनकाटा वाचत नाही, रोजचा जमाखर्च बघतो. पूर्वी वजन जास्त असलेली मुलगी झपाट्याने उतरली तर 'नॉर्मल' आकड्यावरही तिची पाळी जाऊ शकते. बुलिमियात, म्हणजे भरमसाट खाऊन मग ते उलटी वगैरे करून काढून टाकण्याच्या आजारात, वजन बेताचं असूनही पाळी लांबते, चुकते. उलटंही खरं आहे. पाळी वेळेवर येते म्हणून आजार नाही, असं नसतं. पूर्वी अ‍ॅनोरेक्सियाचं निदान करायला पाळी जाणं ही अटच होती. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ निदानासाठी वापरतात त्या अमेरिकन नियमावलीत, ती अट काढून टाकली. 'पाळी येते ना, मग काही नाही झालेलं' असं म्हणणारे मात्र अजून भेटतात.

सोनोग्राफीत पीसीओडी आलंय. डॉक्टर म्हणतात वजन कमी करा. काय करू?

इथे जरा थांबून वाच, कारण माझे आठ महिने इथेच वाया गेले.

पाळी येत नाही म्हणून आई मला एका दवाखान्यात घेऊन गेली. सोनोग्राफी झाली. रिपोर्टवर 'पॉलिसिस्टिक' असा शब्द होता. समोरच्यांनी मान वर न करता छापील डाएटचा कागद पुढे केला. भात बंद, बटाटा बंद, साखर बंद, रोज ४५ मिनिटं चालणं. मी किती खाते हे कुणी विचारलं नाही. मला तर लॉटरीच लागली! तो कागद मी फ्रिजवर लावला आणि आईने 'चमचाभर भात घे ग' म्हटलं की त्याच्याकडे बोट दाखवायचे.

गोम अशी आहे की निरोप बंद पडलेल्या अंडाशयातही अर्धवट वाढलेली बारीक फॉलिकल्स, म्हणजे बीजाच्या पिशव्या, दिसू शकतात. काळ्यापांढऱ्या चित्रात ती पीसीओडीसारखीच वाटतात. फरक कळतो तो बाकीच्या गोष्टींवरून. पीसीओडीत पुरुषी हार्मोन्स वाढलेली असतात, हनुवटीवर केस, मुरुमं असं काहीतरी असतं आणि इस्ट्रोजेन पुरेसं असतं. उपासमारीत गेलेल्या पाळीत एलएच आणि इस्ट्रोजेन दोन्ही खाली असतात, गर्भाशयाचं अस्तर पातळ असतं, आणि मागचा इतिहास वजन उतरल्याचा, जेवण टाळल्याचा किंवा अति व्यायामाचा असतो. एकीचा उपचार दुसरीला दिला तर आजार वाढतो. दोन्ही एकत्र असलेल्या मुलीही असतात. तेव्हा नुसत्या सोनोग्राफीवर निदान स्वीकारू नकोस. रक्ताच्या तपासण्या मागून घे आणि 'मला खाण्याचा आजार आहे' हे वाक्य डॉक्टरांसमोर स्वतःहून बोल. ते विचारतील याची वाट बघत बसू नकोस.

गोळ्या घेतल्या की पाळी येते. म्हणजे आता ठीक आहे ना?

रक्त येणं आणि पाळी येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या पानावरचं एकच वाक्य लक्षात ठेवणार असशील तर हे ठेव.

खरी पाळी म्हणजे आधी बीज सुटलं, गर्भ राहिला नाही, हार्मोन्स उतरली आणि अस्तर गळलं. गर्भनिरोधक गोळ्यांच्या पाकिटातल्या शेवटच्या आठवड्यात जो रक्तस्राव होतो, तो गोळीतलं हार्मोन काढून घेतल्यामुळे होतो. त्यात बीज सुटण्याचा संबंध नाही. मेंदू झोपलेलाच असतो, कॅलेंडर तेवढं खूश होतं. माझ्या आईने पहिल्या पाकिटानंतर देवापुढे साखर ठेवली होती, आणि मी मनात म्हणत होते, बघा, न खाताही सगळं चालतंय.

पाळी आणायची पाच-सात दिवसांची गोळी, म्हणजे नॉरएथिस्टेरॉन किंवा मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन, ही गोष्ट आणखी वेगळी. ती आधी तयार असलेलं अस्तर गाळते. अस्तरच नसेल तर गोळी संपून दहा दिवस झाले तरी काही होत नाही. तेही एक उत्तरच असतं: शरीरात इस्ट्रोजेन कमी आहे. डॉक्टर कधीकधी तपासणी म्हणून ती देतात. महिन्यामागून महिना तीच घेत राहणं हा उपचार नव्हे.

अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने २०१७ मध्ये या विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या. केवळ पाळी आणण्यासाठी किंवा हाडांसाठी म्हणून गर्भनिरोधक गोळ्या देऊ नयेत, असं त्यात स्पष्ट आहे. आधी खाणं, विश्रांती आणि मानसोपचार. ते पुरेसा काळ करूनही पाळी आली नाही तर त्वचेवर लावायच्या पॅचमधून इस्ट्रोजेन आणि जोडीला ठरावीक दिवस प्रोजेस्टेरॉन, तेही थोड्या काळापुरतं. आता कुणी सुरू असलेल्या गोळ्या हे वाचून एकदम बंद करू नका. गर्भ राहू नये म्हणून त्या हव्या असतील तर तो वेगळा आणि योग्य वापर आहे. डॉक्टरांना एवढंच विचारा, 'ही गोळी नक्की कशासाठी आहे?'

पपई, तीळ, ओव्याचं पाणी यांबद्दलही विचारतात. खा की! पण खाऊ म्हणून. थांबलेला निरोप त्याने सुरू होत नाही. डिंकाच्या लाडवाचा उपयोग होतो, तो डिंकापेक्षा त्यातल्या तूप, खोबरं, खारीक आणि गुळामुळे.

मग खरी पाळी कधी येणार?

तारीख कुणीच देऊ शकत नाही. काहींना नीट खायला लागल्यावर दोन-तीन महिन्यांत येते, बऱ्याच जणींना वजन भरून आल्यावर सहा महिन्यांच्या आत, आणि काहींना वर्ष उलटून जातं. कुणाची पाळी कोणत्या वजनाला येईल हेही ज्याच्या त्याच्या शरीरावर आहे. ती जिथे गेली त्याच वजनावर परत येते असं नाही, अनेकदा थोडं वर जावं लागतं. हे ऐकून मी सायकिअ‍ॅट्रिस्ट बाईंसमोर रडले होते. त्यांनी टिश्यूचा डबा सरकवला आणि पुढची तारीख लिहिली.

येण्याआधी खुणा दिसतात. अंगावरून पांढरं, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं तार धरणारं पाणी जायला लागतं. स्तन दुखतात. हातपाय आधीसारखे गार पडत नाहीत. चिडचिड होते. केस गळायचे कमी होतात.

माझी आली ती भाच्याच्या बोरन्हाणाला. सगळ्या बायका काळ्या साड्यांत, मीही. चुरमुरे, बोरं, हलवा त्याच्या डोक्यावरून ओतला जात होता, पोरं खालून वेचत होती, आणि माझ्या ओटीपोटात काहीतरी ओळखीचं कळलं. बाथरूममध्ये गेले. साडी काळी होती म्हणून डाग दिसला नाही. बाहेर येऊन वहिनीच्या कानात सांगितलं, तर तिने हातातला हलव्याचा वाडगा माझ्याच डोक्यावर रिकामा केला. बाकीच्यांना वाटलं, गंमत चाललीय.

दुसरी ४७ दिवसांनी आली, तिसरी ३९. सुरुवातीला असंच मागेपुढे होतं. शिवाय पहिल्या काही वेळा बीज सुटलेलं असेलच असं नाही.

पाळी आली. आता डाएट पुन्हा सुरू केलं तर?

परत जाईल. एकदा गेलेली पाळी दुसऱ्यांदा जायला फार निमित्त लागत नाही. पाळी म्हणजे शरीराने पहिल्यांदा टाकलेला विश्वास आहे, आणि आजार तिलाच 'आता पुरे' म्हणायचं कारण बनवतो.

व्यायाम चालेल का?

पाळी येईपर्यंत डॉक्टर सांगतील तेवढाच. मला वर्षभर टेकडी बंद होती, १०८ सूर्यनमस्कार बंद होते आणि स्टेप्स मोजणारं घड्याळ बहिणीने काढून घेतलं होतं. व्यायाम चुकला की अस्वस्थ वाटतं का, हा प्रश्न स्वतःला विचार. उत्तर 'हो' असेल तर तो व्यायाम आजाराच्या बाजूचा आहे.

उपवास?

नको. मला माहीत आहे, इथे घरात वादळ उठतं. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्रीचे नऊ दिवस. आपल्याकडे न खाण्याला जेवढी प्रतिष्ठा आहे तेवढी क्वचितच कशाला असेल, आणि आजार तिच्याआड मजेत लपतो. मी एका वर्षी सोळा सोमवारही धरले होते. शंकराशी त्याचा काहीएक संबंध नव्हता. ते सोडवले आजीने. 'दुखणेकऱ्याला उपास नसतो' एवढं म्हणून तिने माझ्या ताटात वरणभात वाढला, वर तूप सोडलं आणि मी उठेपर्यंत समोरून हलली नाही. घरात अशी एक आजी असली की निम्मं काम होतं.

माझी बीजं संपली असतील का? पुढे मूल होईल ना?

पाळी नसण्याने बीजांचा साठा संपत नाही. तो वयाप्रमाणे कमी होत राहतो, पाळी चालू असो वा नसो. या प्रकारात एएमएचची तपासणी, म्हणजे साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी, बहुतेकदा वयाला साजेशीच येते. अडचण साठ्याची नसून बीज सुटण्याची असते, आणि ती दुरुस्त होण्यासारखी आहे. आजारातून बऱ्या झालेल्या बहुसंख्य बायकांना मुलं होतात. कुणाला वेळ लागतो, कुणाला मदत लागते. आजार चालू असतानाचं चित्र मात्र इतकं सोपं नाही.

माझा आवडता अभ्यास छोटासाच आहे. २००३ मध्ये अमेरिकेत सारा बर्गा आणि सहकाऱ्यांनी अशीच पाळी गेलेल्या १६ बायकांचे दोन गट केले. आठ जणींना वीस आठवडे कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी बोलण्याची थेरपी, दिली, आठ जणींवर नुसती नजर ठेवली. थेरपीच्या गटात सात जणींची अंडाशयं पुन्हा कामाला लागली, दुसऱ्या गटात दोघींची. सोळा जणी म्हणजे काही फार नव्हेत, आणि त्यांना खाण्याचा पूर्ण आजारही नव्हता. तरी 'नुसतं बोलून काय होणार' म्हणणाऱ्या माझ्या काकांना मी तो वाचायला दिला होता. त्यांनी वाचला नाही, ते सोडा.

पाळी येत नाही, म्हणजे काळजी न घेता संबंध ठेवले तरी चालतील?

अजिबात नाही. बीज आधी सुटतं, पाळी दोनेक आठवड्यांनी येते. म्हणजे पहिली पाळी दिसायच्या आधीच दिवस जाऊ शकतात. नॉर्वेत हजारो गरोदर बायकांच्या माहितीवरून २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अ‍ॅनोरेक्सिया असलेल्यांमध्ये न ठरवता राहिलेल्या गर्भाचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त निघालं. 'मला होणारच नाही' या खात्रीने घात होतो. मूल नको असेल तर साधन वापर, आणि पाळी बऱ्याच काळाने पुन्हा थांबली तर 'आजार परत आला' म्हणण्याआधी प्रेग्नन्सी टेस्ट कर.

सरळ आयव्हीएफ करून टाकलं तर?

लग्नाला तीन वर्षं झाली, सासूबाई विचारतायत, सेंटरच्या जाहिराती चौकाचौकांत. मोह समजतो. पण चांगला डॉक्टर आधी खाणं आणि वजन सावरायला सांगेल. कारण कमी वजनात राहिलेल्या गर्भाला गर्भपाताचा, अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा आणि कमी वजनाच्या बाळाचा धोका जास्त. बीज सुटण्यासाठी देतात त्या क्लोमिफीनसारख्या नेहमीच्या गोळ्या इस्ट्रोजेन अगदी कमी असताना फारशा चालत नाहीत, हेही आहे. वजन सावरूनही बीज सुटत नसेल तर इंजेक्शनांचे मार्ग आहेत.

आणि दिवस गेले की प्रसूतीच्या डॉक्टरांना आजाराबद्दल सांग. दर भेटीला वजन होतं, ते किती मोठं संकट वाटू शकतं हे त्यांना माहीत नसतं. मी काट्यावर पाठ करून उभी राहायचे. नर्स आकडा मनात वाचून लिहायची. बाळंतपणानंतरचे महिनेही नाजूक असतात, सायकिअ‍ॅट्रिस्ट तेव्हा सोडू नये.

पाळी नसली तर बिघडतं काय? उलट सुटका वाटते.

हाडं बिघडतात. इस्ट्रोजेन नसेल तर हाडांची झीज होते, आणि तीही नेमकी ज्या वयात हाडं भरायची असतात त्या वयात. मूल हवं असो वा नसो, हे नुकसान होतंच. सहा महिने किंवा अधिक पाळी नसेल तर डेक्सा स्कॅनबद्दल, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीबद्दल, डॉक्टरांना विचार. कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व डॉक्टर देतील ते घे, पण पाळीची जागा ती घेत नाहीत.

सुटका वाटते हे मात्र खरं सांगितलंस. मलाही वाटायची. पॅड नको, पोटदुखी नको, देवघरात जाऊ नको हे ऐकायला नको. आणि आत कुठेतरी, अजून लहानच आहोत असं वाटायचं. हे थेरपीत बोलण्यासारखं आहे, लाजण्यासारखं नाही. पाळी परत आल्यावर आनंदाऐवजी भीती वाटली तरी तू काही कृतघ्न वगैरे ठरत नाहीस.

(एका आईंचा प्रश्न) मुलीचं लग्न जमतंय. लग्न झालं की पाळी सुरळीत होईल म्हणतात. मुलाकडच्यांना सांगायचं का?

काकू, लग्नाने पाळी येत नाही. लग्नाआधीच्या सहा महिन्यांत तर ब्लाउजच्या मापापासून फोटोंपर्यंत सगळं तिला पुन्हा उपाशी राहायलाच सांगत असतं. शक्य असेल तर तारीख पुढे घ्या. सांगायचं की नाही, किती आणि कधी, हे तिचं तिला ठरवू द्या. तिने सांगायचं ठरवलं तर तिच्या बाजूला बसा. माझं मत विचाराल तर जोडीदाराला माहीत असावं. मी ह्यांना दुसऱ्या भेटीत सांगितलं, समोरची मिसळ गार होईपर्यंत. हे म्हणाले, 'मग पाव कमी पडतील, अजून मागवू?' सगळ्यांना असा माणूस भेटत नाही हे मला ठाऊक आहे.

आणखी एक. 'आता कशी छान भरलीस' हे कौतुक तुम्ही प्रेमाने करता. तिच्या कानावर ते 'जाड झालीस' असं पडतं. त्याऐवजी तिच्याशी दुसऱ्या कशाबद्दलही बोला.

डॉक्टरकडे कधी जायचं, आणि काय बोलायचं?

तीन महिने पाळी आली नाही, किंवा दोन पाळ्यांतलं अंतर सतत ४५ दिवसांच्या पुढे जात असेल, तर जा. आधी प्रेग्नन्सी टेस्ट, मग थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एफएसएच, एलएच, इस्ट्रोजेन, आणि गरजेप्रमाणे सोनोग्राफी. चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, पायावर सूज, वारंवार उलट्या असं काही असेल तर पाळीचा विषय बाजूला ठेव आणि त्याच दिवशी दवाखाना गाठ. बरेच दिवस फारच कमी खाल्लं असेल तर एकदम भरपूर खायला सुरुवातही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कर. रक्तातलं फॉस्फेट अचानक घसरून ते जिवावर बेतू शकतं. आणि मन अगदीच बुडायला लागलं तर १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

ओपीडीत गेल्यावर शब्द फुटत नाहीत, मला माहीत आहे. आई शेजारी असते, बाहेर रांग असते. म्हणून मी एक चिठ्ठी लिहून न्यायचे आणि बसल्या बसल्या टेबलावर पुढे सरकवायचे. हवी तर उतरवून घे:

'मला खाण्याचा आजार आहे / होता. शेवटची पाळी, गोळीशिवाय आलेली, अमुक तारखेला. सध्या या गोळ्या चालू आहेत. कृपया वजन करा, पण आकडा मला सांगू नका. आईला पाच मिनिटं बाहेर बसवता येईल का?'